उत्तर तोंडावर आलं तरी गिळा

प्रश्न : मुलगी पाचवीत आहे. गाईडमधली उत्तरं घडाघडा म्हणते. पण गणितात जरा वेगळं आलं की अडते, चुकते. क्लास लावावा का?
– एक पालक, राजारामपुरी

क्लासचं नंतर बघू. आधी तिच्या जुन्या वहीतली चुकलेली वजाबाकी काढा. ३०५ वजा १७८ याचं उत्तर मुलं पुष्कळदा २७३ लिहितात. याला आपण वेंधळेपणा म्हणतो, पण तो तसा नसतो. ५ मधून ८ जात नाहीत, मग ८ मधून ५ काढले. शून्यातून ७ जात नाहीत, मग ७ तसेच ठेवले. मोठ्यातून लहान काढायचा, हा नियम तिचा तिने बसवलाय. तुम्ही लाल फुली मारून शेजारी १२७ लिहिलंत तर उत्तर बदलेल. नियम तसाच राहील.

‘हे कसं आलं, सांग बघू’ एवढंच विचारा. बरोबर की चूक हे चेहऱ्यावरही दिसू देऊ नका. सांगून झालं की २७३ मध्ये १७८ मिळवायला लावा. ४५१ येतात. मूळचे तर ३०५ होते! ही गफलत तिची तिला दिसली की मग पैसे मांडा : शंभराच्या तीन नोटा, रुपयाची पाच नाणी. एक शंभर मोडून दहाच्या दहा नोटा, त्यातली एक मोडून दहा नाणी. आता दोन शंभर, नऊ दहा, पंधरा नाणी. यातून १७८ तिलाच काढू द्या. पंधरा-वीस मिनिटं जातील, म्हणून दिवसाला असं एकच गणित घ्या.

बरोबर आलेल्या उत्तरालाही ‘कसं आलं?’ विचारायचं. नाहीतर हा प्रश्न आला म्हणजे आपलं चुकलंय, हे मुलं आठवड्यात ओळखतात आणि खोडरबर शोधायला लागतात.

प्रश्न : सहावीत ४२ मुलं, तास ३५ मिनिटांचा. प्रश्न विचारला की ठरावीक चौघांचेच हात वर. सगळ्यांना विचार करायला लावायचं तर पोर्शन कसा संपवायचा?
– शिक्षिका, करवीर तालुका

प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागली.

हात वर करणं काही दिवस बंदच ठेवा. दोन मिनिटं ज्याने त्याने वहीत एक ओळ लिहायची, दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलायचं, मग तुम्ही नाव घ्यायचं. जोडीत एक बोलतो, दुसरा नुसती मान डोलावतो. म्हणून उभ्या राहिलेल्याने शेजाऱ्याचं म्हणणं सांगायचं. आठ-दहा मिनिटांत होतं. आठवड्यातून दोन तासांना केलं तर पोर्शन अडत नाही.

खरी मेख प्रश्नात असते. ‘पंचगंगेला कोणत्या नद्या मिळतात?’ यावर विचार काय करणार? त्याऐवजी जुलैत रोज पेपरातली, कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी फळ्याच्या कोपऱ्यात लिहायला लावा. इशारा ३९ फुटांना, धोका ४३ ला. शेजारी शहरातला आणि राधानगरी धरणाकडचा पाऊस. दहा दिवसांनी विचारा : शहरात उघडीप आहे, तरी पाणी का चढलं? बहुतेक जण ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ म्हणतील. लगेच हो-नाही करू नका. ‘कोणता आकडा दिसला तर तुझं म्हणणं खोटं ठरेल?’ असं विचारा. दरवाजे उघडण्याच्या आदल्या दिवशीच पातळी चढायला लागली असेल तर? मग कुणीतरी कुंभी-कासारीकडचा पाऊस बघूया म्हणेल, त्या नद्याही पंचगंगेलाच मिळतात. त्या दिवशी पेपर वर्गात असू द्या.

प्रश्न : असं शिकवून नातू उलट बोलायला लागला तर?
– आजोबा, शिवाजी पेठ

आवाज चढला तर आवाजाबद्दल बोला, प्रश्नाबद्दल नको. ‘मला नाही पटत’ म्हणाला तर ‘का?’ विचारा. त्याला कारण देता आलं तर ते उलट बोलणं नव्हे. पुराच्या पाण्यात उतरायचं नाही, यावर मात्र चर्चा नाही. आधी ऐकायचं, ‘का’ ते घरी आल्यावर. आणि तुमचं आधीच ठरलं असेल तर ‘तुला काय वाटतं?’ असं विचारूच नका. पोरांना ते बरोबर कळतं.