मॅडम, माझ्या पायावरून वारं जाणार का?

मधुमेहाच्या दवाखान्यात मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, पण डॉक्टरांपुढे न निघालेलं बरंचसं माझ्या टेबलावर निघतं. मध्ये एक हवालदार आले, वय ४६ (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय), उजव्या मांडीची बाहेरची बाजू जळते, मुंग्या येतात, चादर घासली तरी नको होतं आणि चिमटा काढला तर नीट कळत नाही. वडिलांच्या अंगावरून वारं गेलेलं, म्हणजे आता आपला नंबर हे डोक्यात पक्कं. त्यात एमआरआयमध्ये मणक्यातली गादी जराशी सरकलेली, तशी ती काहीच न दुखणाऱ्या कितीतरी लोकांचीही सरकलेली असते, पण कुणीतरी ऑपरेशन म्हणालं आणि यांची झोपच गेली.

मी म्हणलं, दुखतं तिथं हात ठेवा. त्यांनी पँटच्या साइडच्या खिशावर पंजा ठेवला. पाठीतून कळ येते का? नाही. गुडघ्याखाली? काहीच नाही. माझी नजर पट्ट्यावर गेली, सुटलेल्या पोटाखाली करकचून आवळलेला.

तेवढं लिहून डॉक्टरांकडे परत पाठवलं, त्यांनी तपासून सांगितलं, मेराल्जिया पॅरेस्थेटिका. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून एक नस मांडीत उतरते, ती तिथं दाबली जाते. घट्ट पट्टा, टाइट जीन्स, वाढलेलं पोट, गरोदरपण, कशानेही, आणि शुगर असेल तर जास्तच. पण ही नस फक्त चामडीला जाणीव देते, स्नायू हलवत नाही, त्यामुळे हिच्यामुळे पाय लुळा पडत नाही. हे वाक्य मी त्यांना तीनदा सांगितलं. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्यालाही हाच त्रास होता, १८९५ मध्ये त्याने त्यावर लिहिलंय, हे ऐकून ते पहिल्यांदा हसले (फ्रॉइड कोण ते आधी सांगावं लागलं).

उपाय म्हणजे पट्टा सैल, वजन कमी, शुगर ताब्यात, आग फारच झाली तर डॉक्टर नसेच्या दुखण्याची गोळी देतात, कधी इंजेक्शन, ऑपरेशन क्वचितच.

मग काय, स्टेशनातले चौघं मांड्या धरून आले! सगळ्यांना पट्टा सैल करा सांगून चालत नाही ना. एकाचं जांघेत दुखायचं, मांडी घालून बसता येईना, त्याला खुब्याच्या तपासणीला पाठवलं. एकाची कळ पाठीमागून पोटरीपर्यंत, ती सायटिका निघाली. आणि कुणाचाही एकच पाय अचानक सुजला, गरम लागला तर रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा मालिश करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना. पाय खरंच लुळा वाटला, लघवी अडली, बसायच्या जागेला बधिरपणा आला तरी तसंच.

दोन महिन्यांनी हवालदार आले. आग बरीच कमी, बधिरपणा थोडा आहे. पट्टा दोन भोकं सैल केलाय, पण परेडला साहेब बघतात म्हणून तेवढा वेळ आवळतात म्हणे.