गवताच्या कामाला जुना ट्रॅक्टर: पेट्रोल घ्यावा की डिझेल?

प्रश्न: नमस्कार. साधारण 12 एकर गवत आहे, वर्षातून दोनदा कापायचं, वाळवायचं आणि छोट्या चौकोनी गठ्ठ्यांच्या बेलरने बांधायचं, एवढंच काम. जुन्या ट्रॅक्टरची आवड आहे म्हणून जुनाच घ्यायचाय. दोन बघितलेत. एक फोर्ड 8एन, पेट्रोलवर, रंगबिंग करून चकाचक, चालतो पण छान. दुसरा मॅसी फर्ग्युसन 35, तीन सिलेंडर डिझेल, दिसायला अगदीच खराब पण सेल्फ मारला की लगेच उचलतो. सगळे म्हणतात डिझेलच घे, पण इंजिनात डिझेल सोडणारा पंप गेला तर मोठा खर्च बसतो असं ऐकलंय, त्याचीच भीती वाटते.

उत्तर: मॅसी घ्या. आणि त्याचं पहिलं कारण पीटीओ (बेलरसारखी अवजारं फिरवणारा ट्रॅक्टरच्या मागचा शाफ्ट) आहे, इंधन नंतर.

बेलर चालवताना काय होतं बघा, गवताची ओळ कुठे पातळ असते कुठे एकदम जाड, जाड ढीग आला की ट्रॅक्टर जागेवर थांबवायचा आणि बेलरला तोंडातलं गवत संपवू द्यायचं, मग पुढे जायचं. 8एन मध्ये क्लच दाबला की चाकंही थांबतात आणि पीटीओही थांबतो, म्हणजे नेमका घास अडकलेला असताना बेलर बंद, मग खाली उतरा आणि हाताने उपसत बसा. हायड्रॉलिकचा पंपही त्याच पीटीओवर चालतो त्यामुळे तोही बंद. शिवाय पुढचे गिअर फक्त 4, बेलरसाठी लागतो तसा अगदी हळू गिअर त्यात नाही.

35 च्या डिलक्स मॉडेलला डबल क्लच असतो, म्हणजे अर्धा दाबला की फक्त चाकं थांबतात, पीटीओ चालूच राहतो. पण सगळ्या 35 ला नसतो, म्हणून घेण्याआधी तपासा: सपाट जागी, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, पीटीओ लावून ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये चालवा आणि क्लच अर्धा दाबा. ट्रॅक्टर थांबला आणि मागचा शाफ्ट फिरत राहिला तर डबल क्लच आहे, आणि चांगल्या अवस्थेत आहे. पूर्ण दाबल्यावर शाफ्ट पण थांबायला पाहिजे. दोन्ही एकदमच थांबत असतील तर एकतर सिंगल क्लच आहे नाहीतर सेटिंग गेलंय, मग किमतीत ते धरूनच बोला.

ताकदीचं म्हणाल तर 8एन (हा 1947 ते 1952 मध्ये बनला) पंचविशीच्या आसपास एचपीचा, आणि छोट्या बेलरला सपाट जमिनीवर सुद्धा पीटीओला 30-35 एचपी असलेले बरे. त्या काळात बऱ्याच बेलरवर स्वतःचं वेगळं इंजिन बसवलेलं असायचं, ट्रॅक्टरने फक्त ओढायचं, म्हणून तेव्हा असे छोटे ट्रॅक्टर पुरायचे. 35 चं पर्किन्स कंपनीचं इंजिन अडीच लिटरचं, सदतीस एचपीच्या आसपास, म्हणजे पुरेसं, फार जास्त नाही. चढउतार असेल तर ताकदीपेक्षा वजन आणि ब्रेक बघा, भरलेला बेलर आणि मागे गठ्ठ्यांची ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला ढकलते.

आता डिझेल. बेलरचा प्लंजर (गवत दाबणारा दट्ट्या) मिनिटाला 70-80 वेळा आपटतो आणि प्रत्येक धक्का इंजिनपर्यंत येतो. डिझेल कमी आरपीएमला जोर धरून ठेवतं त्यामुळे आवाज फारसा बदलत नाही, पेट्रोलचा गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) झिजलेला असला की इंजिन सारखं वर-खाली करत राहतं. इंधन पण कमी लागतं, एकतर लिटरमागे डिझेलमध्ये ऊर्जा जास्त (साधारण 36 मेगाज्यूल, पेट्रोलमध्ये 32) आणि कॉम्प्रेशन रेशो (सिलेंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते, जास्त असेल तर इंधनाचा उपयोग चांगला) 17 च्या आसपास, 8एन चा सातच्याही खाली.

पंपाची भीती चुकीची नाही. पण पंप मरतो तो बहुतेक वेळा पाणी आणि घाणीने. फिल्टर वेळेवर बदला, सेडिमेंट बाऊल (डिझेलमधलं पाणी आणि घाण साचायची वाटी) काढून बघत जा, सीझन संपला की टाकी पूर्ण भरून ठेवा म्हणजे आत पाणी जमत नाही, आणि फिल्टर बदलल्यावर एअर काढायला स्वतः शिका: ब्लीड स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचं, बुडबुडे जाऊन सलग डिझेल आलं की घट्ट करायचं. एवढं केलं तर पंप वर्षानुवर्षं जातो.

आणि हो, बघायला जाल तेव्हा आधी इंजिनाला हात लावा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना परत जा, थंड इंजिन कसं उचलतं हीच खरी परीक्षा. सुरू झाल्यावर ब्रीदरच्या नळीतून (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणारी) भकभक धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. पांढरा धूर गरम झाल्यावरही जात नसेल तर डिझेल फवारणारं नोझल किंवा कॉम्प्रेशन बघावं लागेल. ईथरचा (चटकन पेट घेणाऱ्या द्रवाचा) स्प्रे मारून सुरू करून दाखवत असतील तर मी तरी तो ट्रॅक्टर सोडून देईन. सिलेंडर मोजायला पण विसरू नका, कारण सुरुवातीच्या 35 मध्ये स्टँडर्ड कंपनीचं 4 सिलेंडरचं डिझेल होतं, ते थंडीत उचलायला फार त्रास देतं, 1959 नंतर तीन सिलेंडरचं पर्किन्स आलं आणि लोक शोधतात ते हेच.

प्रश्न: माझ्याकडे डिझेलचा एक आहेच, बेलर त्यावर चालतो. घरातला जुना पेट्रोलचा फार्मॉल ट्रॅक्टर विकून टाकू का?

उत्तर: विकू नका हो! गवतात दोन ट्रॅक्टर असले की काम निम्म्या वेळात होतं, एकाला बेलर जोडलेलाच राहतो आणि दुसरा पुढे पुढे रेक (गवत ओढून ओळी करणारं अवजार) मारत जातो. रेकला ताकद लागतच नाही म्हटलं तरी चालेल, सिकल बार मोवरला (पुढे-मागे सरकणाऱ्या पात्यांचं गवत कापायचं यंत्र) पण थोडीच लागते. हलक्या लोडवर पेट्रोल इंजिन हिशोबाने जास्त पितं हे खरं, पण एकूण तासच कमी असतात त्यामुळे फार फरक पडत नाही. त्याला जपायचं ते उभं असताना, सीझन संपला की पेट्रोलची कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालवा, नाहीतर आत चिकट थर बसतो आणि पुढच्या वेळी जेट साफ करत बसावं लागतं, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर हे जास्तच पाळा. इग्निशनचे पॉइंट आणि प्लग घरच्या घरी बदलता येतात, हा पेट्रोलचा मोठा फायदा.

प्रश्न: वाळलेल्या गवतात पेट्रोलचा ट्रॅक्टर धोक्याचा असतो का?

उत्तर: डिझेलपेक्षा जास्त, हो. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीत सुद्धा पेट घेते, डिझेलला त्यासाठी पन्नास अंशांच्या वर तापावं लागतं. गरम इंजिनावर पेट्रोल कधीच भरू नका, गार होऊ द्या. पण बाकीची आग दोघांनाही सारखीच लागते, सायलेन्सरजवळ आणि मॅनिफोल्डवर साचलेला भुसा, आणि बेलरचं कोरडं पडलेलं बेअरिंग. दर थांब्याला भुसा झाडा, बेअरिंगच्या घराजवळ हात नेऊन बघा (बेलर पूर्ण थांबल्यावरच), आणि अग्निशामक सिलेंडर ट्रॅक्टरवरच बसवा, शेडमध्ये ठेवून उपयोग नाही.