गांधी, गांधील आणि ‘तीव्र पोळ्या’

प्रश्न असा आला आहे: ‘क्रॉनिक अर्टिकेरियावरच्या, म्हणजे अंगावर पित्त उठण्याचा आजार लांबतो त्यावरच्या, संशोधनाबद्दल मराठीत लिहायचं आहे. तीव्र शीतपित्त म्हणू, की जुनाट पित्त? आणि इन्फ्लमेशन म्हणजे दाह की शोथ?’

तीव्र अजिबात नको. तीव्र म्हणजे अक्यूट, क्रॉनिकच्या अगदी उलटं टोक. ‘दोन दिवस झाले, फार क्रॉनिक खाज सुटलीय’ असं चांगली शिकलेली माणसं बोलतात तेव्हा मला खरोखरच खाज सुटते. क्रॉनिकच्या पोटात ग्रीक क्रोनोस आहे, म्हणजे काळ. दुखणं किती जोराचं याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, किती दिवसांचं एवढंच तो सांगतो. या आजारात सीमारेषा ६ आठवड्यांची. त्याच्या आतलं ते अक्यूट, मग रुग्ण खाजवून खाजवून रडकुंडीला आलेला का असेना. त्यापुढे रेंगाळलं तर क्रॉनिक, मग सौम्य का असेना. मराठीत यासाठी ‘जुनाट’ हा चोख शब्द आहे.

मध्यंतरी यंत्राने केलेलं एक भाषांतर वाचनात आलं. त्यात ‘क्रॉनिक हाइव्ह्ज’चं ‘तीव्र पोळ्या’ झालं होतं. हाइव्ह्ज हे अर्टिकेरियाचंच रोजच्या इंग्रजीतलं नाव; त्याचा मधमाश्यांच्या पोळ्याशी काही संबंध नाही. शब्द जुना आहे आणि त्याचं मूळ खुद्द इंग्रजांनाही सापडलेलं नाही. पण माश्यांचा विषय निघालाच आहे, तर मूळ मुद्द्यावर येतो.

अंगावर उठणाऱ्या या लालसर, फुगीर, खाजऱ्या चकंद्यांना मराठीत गांधी म्हणतात. एक गांधी, अनेक गांधी. आडनावाशी गल्लत नको. ते गंध विकणाऱ्यांवरून आलं. ही आपली गांधी डास चावला तरी उठते आणि पित्तानेही उठते. आता गांधीलमाशी आठवा. लहानपणापासून आपण हा शब्द वापरतो आणि त्यातला ‘गांधील’ कुठला, हे कधी विचारत नाही. माझं मत असं, की फेनापासून फेनिल, पंकापासून पंकिल, जटेपासून जटिल, तशी गांधीवरून गांधील. गांधीवाली माशी. जी डसली की गांधी उठते ती.

यावर लगेच नाकं मुरडली जातात, मला ठाऊक आहे. एका विद्वानांनी मला ऐकवलं होतं, ‘गांधी ही ग्रंथीवरूनच आलेली.’ अहो, ग्रंथीचं प्राकृतात गंठि झालं आणि मराठीत गाठ. ठ तिथे ठाण मांडून बसला आहे. त्याचा ध कुठल्या वाटेने झाला ते आधी दाखवा, मग बोलू. शिवाय अर्थाचं काय? गाठ राहते, गांधी राहत नाही. त्वचेचे डॉक्टर एक साधी युक्ती सांगतात: गांधीच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवा. दुसऱ्या दिवशी रेघ जागेवर असते, आतली गांधी नसते. २४ तासांनंतरही ती तिथेच असेल, तर डॉक्टरांना निराळी शंका येते, की हे साधं पित्त नसून रक्तवाहिन्यांना सूज आली असावी. ज्या गोष्टीचं लक्षणच नाहीसं होणं आहे, तिला गाठीच्या घराण्यात कशाला बसवायचं?

आणि माझ्या बाजूचा साक्षीदार ऐका. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात शीतपित्ताचं वर्णन येतं: ‘वरटीदष्टसंस्थानः शोथः सञ्जायते बहिः’. वरटी डसल्यावर दिसते तशी सूज बाहेर येते. वरटी म्हणजे कोण? गांधीलमाशी! संस्कृत निदानकाराला उपमा सुचली ती माशीच्या डंखाची, आणि मराठी माणसाने माशी आणि चकंदळ दोघांना एकाच शब्दात गुंफलं. यावरून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही म्हणता? नसेल होत. पण पहिल्यांदा ही ओळ वाचली त्या दिवशी मी हातातलं काम टाकून घरभर फिरलो होतो.

लॅटिनवाल्यांना मात्र माशी नाही, झाड आठवलं. अर्टिकेरियातली अर्टिका म्हणजे आग्यासारखी अंगाची आग करणारी वनस्पती, आणि तो शब्द उरेरे, म्हणजे जाळणे, या क्रियापदाशी जोडतात. त्यांचं नाव जळण्यावरून, आपलं शीतपित्त थंड वाऱ्यावरून. दोघांचंही खरं आहे. आग होते हे तर उघडच. आणि काहींना गार हवेने किंवा गार पाण्याने गांधी उठतात, तो या आजाराचा एक मान्य प्रकार आहे.

‘पित्ता’बद्दल थोडंसं. पोटातलं पित्त निराळं, अंगावरचं निराळं, एकावरची गोळी दुसऱ्याला चालवू नका, हे सगळे सांगतात. मीही सांगतो. पण एक गंमत बघा. त्वचेतल्या मास्ट नावाच्या पेशी चेतल्या आणि त्यांच्यातलं हिस्टामिन हे रसायन बाहेर सांडलं की गांधी उठते. जठरात आम्ल पाझरायला लावणाऱ्यांतही हेच हिस्टामिन असतं. फरक एवढाच, की ते त्वचेत एका कुलपाला लागतं आणि जठरात दुसऱ्या. जठरातल्या कुलपाची औषधं शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळालं. मराठीने दोन्हीला पित्त म्हटलं तेव्हा तिला हिस्टामिन ठाऊक नव्हतं, हा निव्वळ योगायोग. मला तो आवडतो, इतकंच.

हं, संशोधन. क्रॉनिकमधल्या ज्या प्रकाराला बाहेरचं कारण सापडत नाही, त्याला हल्ली ‘स्पॉन्टेनियस’ म्हणतात. कृपा करून त्याचं ‘उत्स्फूर्त’ करू नका. उत्स्फूर्त टाळ्या असतात. ‘आपोआप उठणाऱ्या गांधी’ म्हणा. या आपोआपमध्ये ‘आप’ आहे, तो संस्कृत आत्मन्, प्राकृत अप्पा यांचा वंशज, म्हणजे ‘स्वतः’. आणि १९९३ साली संशोधकांनी दाखवलं ते नेमकं हेच: काही रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) त्यांच्याच मास्ट पेशींवरच्या ग्राहींना (रिसेप्टरना, म्हणजे मघाचीच कुलपं म्हणा) जाऊन चिकटतात आणि त्यांना चेतवतात. स्वतःच स्वतःला डसायचं. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी ओमालिझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. ते रक्तातल्या आयजीई या ॲलर्जीतल्या प्रतिपिंडांना धरून ठेवतं. आपोआप हा शब्द इतका फिट्ट बसेल, हे तो घडवणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

दाह की शोथ, ते राहिलंच. शोथ आणि आपली सूज एकाच धातूच्या, फुगणं सांगणाऱ्या. दाह जळण्याचा, इन्फ्लमेशनही ज्वाळेचंच. फुगण्यावर भर असेल तर सूज लिहा, सगळी प्रक्रिया सांगायची असेल तर दाह. शोथ पाठ्यपुस्तकाला ठेवा.

आणि क्रियापद चुकवू नका. गांधी ‘येत’ नाही, ती उठते आणि मग बसते. माझ्या भाचीला त्वचेवर ओरखडा उमटण्याचा त्रास आहे. हाही जुनाट गांधींचाच एक प्रकार. तिने एकदा मला चिडवायला पेनाच्या बोथट टोकाने हातावर ‘ळ’ काढला. पाच मिनिटांत ळ टम्म फुगून वर आला, गाठीसकट सुबक. मी चष्मा काढून बघत राहिलो. अर्ध्या तासाने ती म्हणाली, ‘मामा, ळ बसला.’