अंगणातल्या भेकांवर मीठ टाकू का?

प्रश्न: नागपुरात मानेवाड्याला तळमजल्यावर राहतो. पाऊस लागला की अंगणात मोठे, खरबरीत बेडूक येतात. घरी कुत्रा आहे. हे विषारी असतात का? मीठ टाकून जातील का?

उत्तर: मीठ टाकू नका. बाकीचं नंतर.

भेक, म्हणजे तुमच्या अंगणातला हा खरबरीत बेडूक, तोंडानं पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. त्या ओल्या कातडीवर मीठ पडलं की काय होतं, ते मी पाहिलंय. नागपूरच्याच महाल भागातल्या आमच्या घरी मोती नावाचा कुत्रा होता. श्रावणात एका रात्री त्यानं नळाजवळचा भेक तोंडात धरला आणि लगेच टाकला. लगोलग तोंडाला फेस, लाळेची धार, मान सारखी झटकणं. मोठे काका ओरडले, "बेंडकानं जहर फेकलं ना त्याच्यावर!" मी मोतीची मान खाली धरून नळीच्या पाण्यानं तोंड धूत होते, ओल्या फडक्यानं हिरड्या पुसत होते. तेवढ्यात काकांनी खडेमीठ आणून अंगणातले पाचही भेक संपवले. मोती तासाभरात शेपूट हलवायला लागला. भेक कितीतरी वेळ तडफडत होते.

काका आजही म्हणतात, बेडकानंच हल्ला केला. साफ खोटं. भेकाच्या डोळ्यांमागे दोन फुगीर गाठी असतात, त्यांत दुधासारखा चीक असतो. तो दाताखाली दाबला गेला म्हणून बाहेर आला. हो, चीक विषारीच आहे. पोटात गेला तर हृदयाच्या पेशींतला सोडियम-पोटॅशियमचा पंप, म्हणजे हे क्षार आत-बाहेर करणारी यंत्रणा, अडवतो. कण्हेरीचं विषही नेमकं तिथंच लागतं. काकांच्या फाटकाला दोन्ही बाजूंनी कण्हेर आहे, देवाला रोज तिचीच फुलं. तिच्यावर कोणी मीठ टाकलं नाही.

कोलंबियातल्या सोनेरी बेडकाचे व्हिडिओ पाहून घाबरू नका. त्याचं विष वेगळं, ते त्याच्या खाण्यातल्या किड्यांतून येतं. माणसानं पाळून वाढवला तर त्याच्यात विष नसतं. आपला भेक स्वतःचं विष स्वतःच बनवतो, पण छेडल्याशिवाय वापरत नाही. आणि भेकाला हात लावला की चामखीळ येते म्हणतात, तेही खोटं; ती विषाणूमुळे येते.

एक मात्र नक्की पाळा. भेकाला हात लागला तर साबणानं धुवा, तोवर डोळे चोळू नका. तुमचा कुत्रा लहान असेल, त्यानं भेक गिळला असेल किंवा तो लडखडत असेल, तर तोंड धुऊन थेट जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. मोती धिप्पाड होता आणि त्यानं भेक लगेच टाकला होता, म्हणून निभावलं.

रात्री अंगणातला दिवा बंद ठेवा. किडे कमी झाले की भेकही कमी येतील. मिठाच्या त्या रात्रीनंतर आमच्या नळाजवळ पुढचे तीन पावसाळे एकही दिसला नाही.