पायराइट घेताना आधी कडा बघा

चमकेवर भुलू नका, पायराइट म्हणजे लोह-गंधकाचं सोनेरी खनिज, ते चमकतंच. संग्रहासाठी नमुना हातात आला की भिंगातून आधी कडा आणि कोपरे तपासा. मोह्स मापावर (१ ते १०) काठिण्य ६ ते ६.५ असलं तरी ते ठिसूळ असतं. समोरचाच कोपरा उडालेला असेल तर मी तरी घेत नाही; मागे टवका गेलेला चालतो.

स्पेनमधल्या नवाहून गावचे घन, म्हणजे चौकोनी ठोकळ्यासारखे स्फटिक, सगळ्यांनाच हवे असतात. ते मऊ खडकात बसलेले असतात, काढताना बरेचदा सुटतात आणि मग त्याच खळग्यात परत चिकटवले जातात. यात गैर काही नाही, पण विक्रेत्याने तसं सांगायला हवं. दुसऱ्याच खडकावर डकवलेला घन मात्र सोडून द्या. शंका आली तर सांध्यावर अतिनील दिवा धरा, बरेचसे गोंद उजळून दिसतात.

खरी डोकेदुखी दमटपणाची. ओलाव्यात काही पायराइटवर पांढरी-पिवळसर भुकटी धरते, गंधकाम्ल तयार होतं आणि ते डबा, लेबल, शेजारचं कॅल्साइटसारखं खनिज, सगळं खातं. काही खाणींचे नमुने वर्षानुवर्षं टिकतात, काही लवकर ढासळतात, म्हणून घेण्यापूर्वी खाण विचाराच. आर्द्रता ५० टक्क्यांखाली ठेवा, डब्यात ओलावा शोषणारं सिलिका जेल टाका, पाण्याने धुण्याचा मोह आवरा. भुकटी दिसली की तो नमुना तडक वेगळा काढा.

आणि नमुन्यासोबतचं जुनं लेबल कधीच फेकू नका. चुकीचं वाटलं तरी शेजारी आपलं नवं ठेवा. पेरू देशातल्या हुआनझाला खाणीचा सुरेख स्फटिकगुच्छही ठिकाणाच्या नोंदीशिवाय निम्म्या मोलाचा.