‘पक्षी’ किंवा ‘सस्तन’ यांसारखी संकल्पना गणितात नेमकी कशी मांडतात?
दोन संचांची जोडी म्हणून: एका संचात वस्तू, दुसऱ्यात गुणधर्म. ही मांडणी जर्मनीतल्या डार्मस्टाटचे गणितज्ञ रुडॉल्फ विले यांनी 1982 मध्ये केली. तिला फॉर्मल कन्सेप्ट ॲनालिसिस म्हणतात. एक तक्ता घ्या. ओळींत चिमणी, वटवाघूळ, गाय, प्लॅटिपस (अंडी घालणारा सस्तन प्राणी); रकान्यांत ‘उडते’, ‘अंडी घालते’, ‘दूध पाजते’. लागू असेल तिथे फुली मारा. आता ‘दूध पाजते’ धरा: वटवाघूळ, गाय, प्लॅटिपस मिळतात. उलट जाऊन या तिघांत समान काय ते पाहा. पुन्हा ‘दूध पाजते’ एवढंच येतं. दोन्ही बाजूंनी असं तंतोतंत जुळलं की ती जोडी म्हणजे संकल्पना. खरी गंमत पुढे आहे: गुणधर्म वाढवले की वस्तू कमी होतात (‘अंडी’ जोडलंत तर एकटा प्लॅटिपस उरतो), त्यामुळे सगळ्या संकल्पना वरखाली रचल्या जाऊन त्यांची लॅटिस, म्हणजे वरखाली जोडलेली जाळी, आपोआप तयार होते. वर्गीकरण आधी ठरवावं लागत नाही, ते तक्त्यातूनच निघतं, आणि मला हेच या पद्धतीचं मोठं बळ वाटतं. मात्र फुली आहे किंवा नाही, एवढंच हिला कळतं. ‘उंच’, ‘तरुण’ अशा धूसर संकल्पनांसाठी संगणकशास्त्रज्ञ लोत्फी झादे यांचे 1965 चे फझी संच (ज्यांत एखादी वस्तू अंशतःही संचात असू शकते) जोडावे लागतात.