'परत कधी येऊ?' हे विचारायला जीभ रेटत नाही

"काम मन लावून करतो, कुणी नावं ठेवत नाही, तरी गिऱ्हाईक परत बोलावत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?" मी समुपदेशन करते, आणि नव्यानं स्वतःचा धंदा सुरू केलेले लोक माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येतात. डबे करून देणाऱ्या बायका येतात, शिकवण्या घेणारे येतात, एसी दुरुस्त करणारेही. इथे सांगते आहे ती खिडक्यांच्या काचा साफ करणाऱ्या एका गृहस्थांची हकिगत. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

संतोष तिशीतले, मूळचे बार्शीकडचे, राहायला पुण्यात धायरीला. एका ठेकेदाराकडून मोठ्या ऑफिसांमध्ये हाउसकीपिंगला जायचे, तिथेच काचेवर वायपर मारण्यात हात बसला. ठेकेदार बदलला, नोकरी गेली, तेव्हा यांनी स्वतःचं काम काढलं. फ्लॅटच्या स्लायडिंग खिडक्या, त्यांचे ट्रॅक, डासांच्या जाळ्या, गॅलरीच्या काचा. घटस्थापनेच्या आधीपासून दिवाळीपर्यंत फोनला उसंत नव्हती, कामं नाकारावी लागली. भाऊबीज झाली आणि फोन गप्प झाला. माझ्याकडे आले ते डिसेंबरात, बायकोनं आणलं म्हणून. झोप उडाली होती, गाडीचा हप्ता डोक्यावर होता.

"हे दिवसभर फोनकडे बघत बसतात मॅडम, पण स्वतः कुणाला लावत नाहीत," बायको म्हणाली. दुखणं काय आहे ते तिनं एका वाक्यात सांगून टाकलं होतं.

यातला अर्धा भाग निव्वळ कॅलेंडरचा होता. दिवाळीत ज्यांनी घर लख्ख करून घेतलं ते डिसेंबरात पुन्हा काचा कशाला पुसून घेतील? कामाचा पहिलाच हंगाम असल्यामुळे संतोषना भरती तेवढी माहीत होती, ओहोटी पाहिलेली नव्हती. त्यांनी तिचा अर्थ 'लोकांना आपलं काम पटलं नाही' असा लावला. खात्री केली का, असं विचारल्यावर ते गप्प झाले. मग मी विचारलं, काम संपल्यावर नेमकं काय करता? क्यूआर कोड दाखवतो, पैसे आले की बादली उचलतो, 'येतो' म्हणतो आणि निघतो. पुढच्या वेळेबद्दल काही बोलता? "नाही. ते भीक मागितल्यासारखं वाटतं."

इथे आम्ही बराच वेळ थांबलो, कारण खरी अडचण धंद्याची नव्हतीच. गावी आईला अजून वाटत होतं की मुलगा कंपनीत आहे. मेहुणा एकदा चारचौघांत बोलून गेला होता, "आयटीआय करून काचाच पुसायच्या होत्या का?" साफसफाईच्या कामाकडे आपल्याकडे कोणत्या नजरेनं बघतात आणि त्या बघण्याला जातीचा केवढा इतिहास आहे, हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे संतोष ओळखीच्या कुणालाच आपण काय करतो ते सांगत नव्हते. सख्खे मित्र, जुने सहकारी, मुलाच्या शाळेतले पालक, म्हणजे नव्या माणसाला पहिली कामं जिथून मिळतात ती सगळी दारं त्यांनी आपल्या हातानं लावून घेतली होती. आणि उरलेल्या अनोळखी लोकांकडून मात्र त्यांनी आपणहून फोन करावा, अशी अपेक्षा होती.

लाजेवर नुसत्या समजुतीच्या गोष्टी चालत नाहीत. कामात कमीपणा नसतो, हे त्यांना माझ्याआधी निदान दहाजणांनी ऐकवलं असणार. मी त्यांना अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा किस्सा सांगितला. विवेकनिष्ठ मानसोपचाराची, म्हणजे मनातल्या अविवेकी समजुती तपासून बदलण्याच्या उपचारपद्धतीची, मांडणी त्यानं 1955 च्या सुमारास केली, पण हा किस्सा त्याच्या एकोणिसाव्या वर्षीचा. मुलींशी बोलायला तो प्रचंड घाबरायचा. मग त्यानं ठरवलं की महिनाभर न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायला सुरुवात करायची. शंभरेक जणींशी तो बोलला. फक्त एकीनं पुन्हा भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. पण नकारानं आभाळ कोसळत नाही हे कळलं आणि भीती गेली. (आजच्या काळात कुणी हा प्रयोग जसाच्या तसा करू नये, हे मी आवर्जून सांगते. संतोषच्या बायकोनंही तेवढ्याच आवर्जून सांगितलं.)

आम्ही ठरवलेला प्रयोग साधा होता. वहीतल्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन करायचा, काम मागायचं नाही, फक्त विचारायचं, "दिवाळीला काचा केल्या होत्या, काही राहिलं होतं का?" फोनच्या आधी समोरचा काय म्हणेल याचा अंदाज लिहायचा, नंतर खरं काय झालं ते शेजारी लिहायचं. अंदाजाच्या रकान्यात सगळीकडे एकच होतं, 'चिडतील'. प्रत्यक्षात एक भाडेकरू घर सोडून गेले होते. एका काकूंनी नंबर 'काच' या नावानं ठेवला होता, तो त्यांनाच सापडत नव्हता. एका ताईंनी लगेच नणंदेचा नंबर दिला. खरी तक्रार एकच निघाली, आणि ती ऐकण्यासारखी होती. खिडकीखालच्या सोफ्यावर पाणी सांडून डाग पडला होता. दुसऱ्या दिवसापासून संतोष जुनी चादर आणि प्लास्टिक बरोबर नेऊ लागले.

'चिडतील' हे भाकीत इतक्या वेळा खोटं ठरल्यावर मग पुढची पायरी, दारातून निघण्याआधी पुढची तारीख. यासाठी धंद्यातलं खरं कारण हाताशी असलं की जीभ अडखळत नाही, आणि ते संतोषकडे होतंच. स्लायडिंगच्या ट्रॅकला पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. धूळ आणि कबुतरांची पिसं साचून ती बुजली की जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी सरळ हॉलमध्ये येतं. लोक फटी बुजवायला सिलिकॉनवाल्याला बोलावतात, दुखणं भलतंच असतं. हे मलाही त्यांच्याकडूनच कळलं. म्हणजे सांगायचं वाक्य तयार होतं: "ताई, पावसाच्या आधी ही भोकं मोकळी करावी लागतील. मे अखेरीस येऊ का? आदल्या दिवशी मेसेज टाकतो." माझ्या खोलीत आम्ही त्याची तालीम केली, बायको गिऱ्हाईक झाली. ती घासाघीस फारच मनापासून करत होती.

बोअर आणि टँकरच्या जड पाण्याचंही तसंच. त्यातल्या क्षारांचे पांढरे डाग ताजे असले तर निघतात, वर्षानुवर्षांचे काचेतच मुरलेले असतात. पूर्वी संतोष हे बोलायचे नाहीत, घासत बसायचे आणि शेवटी गिऱ्हाइकाचा चेहरा पडायचा. आता आधीच एका कोपऱ्यात घासून दाखवतात, एवढं निघेल, एवढं राहील. दराचंही आधीच ठरतं. व्हॉट्सॲपवर खिडक्यांचे फोटो मागवायचे, बाहेरून लोखंडी ग्रिल आहे का, कबुतरांची जाळी आहे का ते बघायचं आणि मग आकडा सांगायचा. 'पहिलं काम फुकट' ही कल्पना मेहुण्याची होती, ती मी मोडीत काढायला लावली. ज्याला पैसे मागायचीच लाज वाटते त्यानं फुकटापासून सुरुवात केली तर लाज आणखी घट्ट होते.

खराडी आणि वाकडची कामं त्यांनी स्वतःच सोडली, पेट्रोल आणि ट्रॅफिकमध्ये दिवस जात होता. सिंहगड रस्ता, वडगाव, नऱ्हे एवढाच पट्टा धरला. एका सोसायटीत दोन फ्लॅट केले की सेक्रेटरींना भेटायचं, परवानगीनं नोटीस बोर्डावर कागद लावायचा. वॉचमन ओळखू लागला की निम्मं काम झालं. पडदे आणि जाळ्या बसवणाऱ्या दुकानदारांशी, रंगाऱ्यांशी बोलणं सुरू केलं. रंगकाम झालं की काचेवर शिंतोडे असतातच.

एक प्रसंग मात्र असा आला की तिथे 'हो' म्हणणं धोक्याचं होतं. नवव्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी बाहेरची काच छज्ज्यावर उभं राहून पुसायला सांगितली, दुप्पट पैसे देतो म्हणाले. हार्नेस नाही, दोर बांधायला पक्की जागा नाही. गिऱ्हाईक तुटेल या भीतीनं संतोष जवळजवळ तयार झाले होते. जीव धोक्यात घालून टिकवलेलं गिऱ्हाईक पुढच्या वेळीही तेच मागतं, हे आम्ही आधी बोललो होतो. आतून हात पोचेल तेवढंच करतो, बाकीला दोरीवरची टीम लागते, असं सांगून त्यांनी तेवढंच केलं. त्या गृहस्थांनी पुन्हा बोलावलं नाही. त्या रात्री झोप लागली का, असं मी विचारलं. लागली, म्हणाले.

आईला त्यांनी उन्हाळ्यात गावी गेल्यावर सांगितलं. तिनं घरातल्या आरशाकडे बोट दाखवून "मग हा पूस की आधी" म्हटलं. मेहुण्याचं मत बदललेलं नाही.

हीच काळजी असणाऱ्यांना माझा प्रश्न असतो की गप्प बसलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही एकदा तरी विचारलंत का? विचारल्यावर तीनचार घरांतून तीच तक्रार आली तर ते कामातलं उणं आहे, ते दुरुस्त होतं. विचारलंच नसेल तर तुम्हाला अजून काहीच माहीत नाही. आणि हप्ते चालू असतील तर पहिलं वर्ष, ज्यात दिवाळीनंतरचा आणि पावसातला असे दोन्ही रिकामे काळ येतात, अर्धवेळ पगाराचं काम हातात ठेवूनच काढा. संतोष अजूनही सकाळी एका क्लिनिकच्या साफसफाईला जातात.